पेठांमधून पायी: पुण्याच्या मध्यवर्ती रस्त्यांवरील चर्चेचा आढावा

पुण्यात पादचाऱ्यांसाठी धोरण आहे, रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि 2021 पासून वर्षातला एक दिवसही त्यांच्या नावे आहे. तरीही अप्पा बळवंत चौकातून मंडईकडे पायी निघालेला माणूस बरीचशी वाट डांबरावरूनच कापतो. पदपथ जिथे आहे तिथे तो दुचाकीने, दुकानाच्या पायरीने, विजेच्या फीडर पिलरने किंवा पथारीने अडलेला असतो. आणि जिथे मोकळा आहे तिथे तो पुढच्याच फाटकाशी संपतो.

कागदावरचे एकमत आणि रस्त्यावरची अवस्था यांत एवढे अंतर का पडले, या चर्चेत कोण काय म्हणते आणि कोणत्या प्रश्नांना अजून उत्तर मिळालेले नाही, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. मध्यवर्ती भाग म्हणजे येथे मुख्यतः जुन्या पेठा, तसेच नदीपलीकडचे डेक्कन, जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता. कॅम्पचा उल्लेख ओघाने येईल. तो भाग कटक मंडळाच्या अखत्यारीत येतो, हाही या प्रश्नाचाच एक पदर आहे.

पार्श्वभूमी: अरुंद पेठा, वाढती वाहने

कसबा, शनिवार, बुधवार, सदाशिव, नारायण या पेठांची आखणी माणसाच्या, घोड्याच्या आणि पालखीच्या मापाने झाली. वाडे रस्त्याला लागून होते आणि रस्त्याचा काठ हाच दुकानाचा ओटा होता. पुढे नगरपालिकेच्या काळात लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता हे मोठे मार्ग वस्तीतून काढले गेले. आजच्या मध्य पुण्याची रहदारी अजूनही प्रामुख्याने त्यांच्यावरच अवलंबून आहे.

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले. त्या पुरानंतर शहराची वस्ती झपाट्याने बाहेर पसरली, पण खरेदीचे केंद्र पेठांतच राहिले. सोने, कापड, पुस्तके, पूजासाहित्य, भांडी अशी प्रत्येक वस्तूची गल्ली ठरलेली असल्यामुळे कोथरूडला किंवा हडपसरला राहणारा माणूस आजही खरेदीला ‘गावात’ येतो. पूर्वी तो सायकलवर येत असे. बजाजच्या स्कूटर आणि कायनेटिकची लुना आल्यावर सायकलींच्या या शहराचे रूप पालटले. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या 31 लाखांच्या पुढे होती. 2018 मध्ये प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडील नोंदणीकृत वाहनांचा आकडा 36 लाखांच्या पुढे गेला आणि पुण्यात माणसांपेक्षा वाहने जास्त झाल्याची बातमी देशभर छापून आली.

या वाढीला व्यवस्थेने दोन प्रकारे तोंड दिले. पहिला मार्ग रस्तारुंदीचा. विकास आराखड्यात रुंदीच्या रेषा आखल्या गेल्या आणि वाडा पाडून इमारत उभी राहील तेव्हा ती मागे सरकावी, असे ठरले. पण वाडे एकाच वेळी पडत नाहीत. त्यामुळे एक इमारत मागे, शेजारचा वाडा पुढे, अशी दातेरी कड तयार झाली. मधल्या खाचांत पदपथ सलग होऊ शकला नाही. तिथे वाहने लागू लागली. दुसरा मार्ग एकेरी वाहतुकीचा. लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता आणि नदीपलीकडे जंगली महाराज व फर्ग्युसन ही जोडी एकेरी झाली. वाहनांची कोंडी त्याने कमी झाली, पण समोरून वाहन येण्याची शक्यता संपली की वेग वाढतो आणि रस्ता ओलांडणाऱ्याला मोकळी फट मिळेनाशी होते. एकेरी वाहतुकीची ही किंमत तेव्हा फारशी हिशेबात धरली गेली नाही.

धोरणांचा प्रवास

देशपातळीवर दिशा बदलली ती 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने. नियोजनाचे लक्ष वाहने हलवण्यावर नसून माणसे हलवण्यावर असावे, हे त्याचे मुख्य सूत्र होते. त्याच सुमारास जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाचा निधी उपलब्ध झाला आणि 2006 च्या डिसेंबरात पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटीचा (बससाठी राखीव मार्गिकेचा) प्रायोगिक मार्ग सुरू झाला. 2008 मध्ये सर्वंकष वाहतूक आराखडा झाला. चालणे, सायकल आणि सार्वजनिक वाहतूक यांचा प्रवासातला वाटा वाढवणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट होते.

2016 हे वर्ष या प्रवासात महत्त्वाचे ठरते. पादचारी सुविधा आणि सुरक्षितता धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे ही दोन्ही त्याच वर्षीची. पुढच्या वर्षी सायकल आराखडा मंजूर झाला आणि 2018 मध्ये पार्किंग धोरण सर्वसाधारण सभेत आले. परिसर, पादचारी प्रथम, सेव्ह पुणे ट्रॅफिक मूव्हमेंट या संस्थांनी आणि आयटीडीपीसारख्या तांत्रिक संस्थेने या कागदपत्रांसाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. धोरणाच्या मजकुराकडे पाहिले, तर पुणे देशातल्या पुढारलेल्या शहरांत मोडते.

मापदंडही नवे नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या पादचारी सुविधाविषयक मार्गदर्शिकेनुसार निवासी भागात चालण्यासाठी किमान 1.8 मीटर, व्यापारी भागात 2.5 मीटर आणि दाट बाजारपेठेत 4 मीटर मोकळी रुंदी हवी. पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. ‘मोकळी’ या शब्दावर तिथे भर आहे: झाड, खांब, दिवा, बाकडे यांची जागा वेगळी धरायची आणि उरलेली रुंदी मोजायची.

कायद्याची बाजूही अलीकडे भक्कम झाली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198अ हे कलम आले. रस्त्याची रचना किंवा देखभाल सदोष असल्यास संबंधित यंत्रणेला व ठेकेदाराला त्याने जबाबदार धरले. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आणि अपंग व्यक्तींनाही वापरता येतील अशा पदपथांसाठी राज्यांनी मार्गदर्शक तत्त्वे करावीत, असे सांगितले.

रस्त्यावर झालेले प्रयोग

कागदाबाहेरचे प्रयोग मोजकेच आहेत, पण त्यांतून बरेच शिकता येते.

जंगली महाराज रस्ता हे त्यांतले सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण. 1976 मध्ये रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन हा रस्ता बांधला आणि हमीनंतरही कैक वर्षे त्याला खड्डा पडला नाही, ही गोष्ट पुणेकर आजही अभिमानाने सांगतात. चांगला रस्ता म्हणजे खड्डे नसलेला रस्ता, हे त्या पिढीचे माप. चाळीस वर्षांनी, 2016–17 च्या सुमारास, त्याच रस्त्याची पुनर्रचना झाली तेव्हा माप बदलले होते. या वेळी रुंद आणि सलग पदपथ, झाडांभोवती बसायला जागा, मुलांसाठी खेळणी आणि आखून दिलेले पार्किंग असे काम झाले. पाठिंबा देणारे सांगतात, की कामाशिवायही लोक तिथे रेंगाळू लागले. एकेकाळी केवळ वाहने पळण्यासाठी असलेल्या रस्त्यावर ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले दिसू लागली. टीकाकारांच्या मते वाहनांसाठीची जागा आकसली, दुचाकी पदपथावर चढू लागल्या आणि फरशा व बाकांची निगा नीट राखली गेली नाही. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. एकाच रस्त्यावरून ती करता येतात, हेच या प्रयोगाचे वैशिष्ट्य.

स्मार्ट सिटी योजनेत औंधच्या काही रस्त्यांवर असेच काम झाले. तिथे आधी तात्पुरत्या साधनांनी आखणी करून लोकांचा अनुभव घेतला गेला आणि मग पक्के बांधकाम झाले. ही पद्धत तज्ज्ञांना विशेष मोलाची वाटते. चुकले तर रंग पुसता येतो. काँक्रीट फोडावे लागते.

बीआरटीचा अनुभव संमिश्र राहिला. बस थांबे रस्त्याच्या मधोमध आले, पण तिथपर्यंत सुरक्षित पोहोचण्याची सोय सगळीकडे झाली नाही. 2015 मध्ये सुधारित स्वरूपात नवे मार्ग सुरू झाले. नगर रस्त्यावरचा काही भाग 2023 मध्ये काढून टाकण्यात आला. बीआरटीसोबत बांधलेले पदपथ आणि सायकल मार्ग पुढे खोदाईत, पार्किंगमध्ये आणि विक्रेत्यांच्या गर्दीत तुटत गेले.

वाहने पूर्ण बंद ठेवण्याचे प्रयोग दोन. कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर कटक मंडळाचा शनिवार-रविवार संध्याकाळचा ‘वॉकिंग प्लाझा’ काही काळ चालला आणि नंतर बंद पडला. महापालिकेने 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा गरुड गणपती चौकाकडचा पट्टा दिवसभर वाहनमुक्त ठेवला आणि त्यानंतरही हा दिवस पादचारी दिन म्हणून साजरा होत आला आहे. पण वर्षातल्या एका दिवसावरून उरलेल्या दिवसांचा अंदाज बांधता येत नाही. त्या दिवशी बंदोबस्त असतो, कार्यक्रम असतात आणि गर्दी हौसेने आलेली असते.

खरे तर मध्य पुण्याला वाहनबंदी अपरिचित नाही. गणेशोत्सवात संध्याकाळनंतर प्रमुख रस्ते बंद होतात. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक रस्ते मिरवणुकांच्या ताब्यात असतात. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या अनुक्रमे भवानी आणि नाना पेठेत मुक्कामी येतात, तेव्हा वाहतुकीचे सगळे वेळापत्रक त्यांच्याभोवती फिरते. पोलीस, मंडळे, दुकानदार आणि रहिवासी यांना त्या दिवसांत पर्यायी मार्ग कसे चालवायचे हे पाठ झालेले आहे. या अनुभवाची पद्धतशीर नोंद करून तो नियोजनात वापरला गेल्याचे मात्र दिसत नाही.

मुख्य भूमिका

*रस्त्याची फेरवाटणी हवी.* पहिली भूमिका पादचारी संघटनांची आणि अनेक नगररचनाकारांची. त्यांचे म्हणणे असे: पेठांतले रस्ते आणखी रुंद होणार नाहीत, म्हणून प्रश्न आहे त्या रुंदीच्या वाटणीचा. एका मोटारीला उभे राहायला जी जागा लागते, तिच्यातून दिवसभरात हजारो माणसे चालत जाऊ शकतात. म्हणून आधी सलग पदपथ, मग बस, मग उरलेली जागा खासगी वाहनाला, असा क्रम हवा. चौकात कोपरे आवळावेत म्हणजे वळणारे वाहन आपोआप हळू होईल. क्रॉसिंग पदपथाच्या पातळीला उचलावे. ओलांडणाऱ्याला मधे थांबायला बेट द्यावे. पादचाऱ्याला जिना चढायला लावणारे पूल आणि भुयारी मार्ग हा उपाय त्यांना मान्य नाही. त्याने माणूस बाजूला होतो आणि वाहनाचा वेग वाढतो, असे ते सांगतात.

*प्रवाह सुरळीत हवा.* दुसरी भूमिका वाहतूक पोलीस, काही अभियंते आणि बऱ्याच लोकप्रतिनिधींची. मध्य शहरातून दक्षिण-उत्तर जाणारी वाहतूक मोठी आहे, तिला पर्यायी रस्ता नाही, आणि एखादा पट्टा आवळला तर कोंडी शेजारच्या गल्लीत सरकते. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब अडकतात ते वेगळेच. म्हणून ते सिग्नलची सुसूत्रता, अतिक्रमण हटाव, बहुमजली वाहनतळ आणि आरपार वाहतुकीसाठी स्वतंत्र मार्ग यांवर भर देतात. शनिवारवाडा ते स्वारगेट भुयारी रस्त्याची मागणी याच विचारातून येते. आरपार जाणारी वाहने जमिनीखाली गेली तर वरचा शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता पादचाऱ्यांना मोकळा देता येईल, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. नवी जागा नव्या वाहनांनी भरते, असा त्यावर पहिल्या गटाचा आक्षेप आहे.

*ग्राहक तुटता कामा नये.* व्यापाऱ्यांची भूमिका एकसंध नाही. लक्ष्मी रस्त्यावरचा सराफ किंवा कापड व्यापारी लग्नाच्या बस्त्याला कुटुंबासह येणाऱ्या ग्राहकाचा विचार करतो; हातात पिशव्या आणि बरोबर आजी असलेल्या त्या ग्राहकाला गाडी जवळ लागावी असे वाटते. मालाची चढ-उतार कधी करायची, हाही त्यांचा खरा प्रश्न आहे. तुळशीबागेतल्या किंवा हाँगकाँग लेनमधल्या दुकानदाराचा ग्राहक मुळातच चालत फिरतो. त्याला गर्दी हवी असते. त्यामुळे व्यापाऱ्यांचा विरोध किंवा पाठिंबा असे एकच विधान करणे चुकीचे ठरते.

*पोट पदपथावर आहे.* पथारी व्यावसायिकांची बाजू या चर्चेत अनेकदा फक्त ‘अतिक्रमण’ म्हणून येते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. सर्वेक्षण करावे, नगर पथविक्रेता समिती नेमावी, तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि प्रभागाच्या लोकसंख्येच्या 2.5 टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, अशी त्यातली चौकट आहे. विक्रेता संघटना सांगतात, की पदपथाच्या आखणीतच विक्रीची जागा धरली तर चालणाऱ्याचीही सोय होते. शिवाय रात्री पदपथावर वर्दळ असली की बाईमाणसाला सुरक्षित वाटते. पादचारी संघटनांपैकी काहींना हे पटते. काहींना आधी मोकळी रुंदी हवी असते.

*आम्ही इथे राहतो.* पेठांतल्या रहिवाशांचा आवाज सर्वात कमी ऐकू येतो. जुन्या वाड्यांत वाहनतळ नव्हता, आणि त्यांच्या जागी आलेल्या अनेक लहान इमारतींतही तो पुरेसा नाही. वाहनमुक्त रस्ता झाला तर आमची गाडी कुठे, रात्री-अपरात्री आजारी माणसाला न्यायचे कसे, हे त्यांचे प्रश्न आहेत. त्याच घरांतले ज्येष्ठ नागरिक आणि नूमवि किंवा रमणबाग शाळेत जाणारी मुले हीच मोडक्या पदपथांमुळे सर्वाधिक त्रासतात. एकाच घरात दोन्ही बाजू नांदतात.

सुरक्षितता आणि सुखद चालणे: दोन वेगळे प्रश्न

या चर्चेत दोन गोष्टींची वारंवार गल्लत होते. अपघाती मृत्यू हा एक प्रश्न आहे. चालण्याची गैरसोय हा दुसरा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसे रस्ते अपघातांत मेली. त्यांपैकी 32,825 पादचारी होते. पुण्यापुरते पाहिले तर कात्रज–देहूरोड बाह्यवळणावरचा नवले पूल परिसर, सोलापूर रस्ता आणि नगर रस्ता यांसारख्या रुंद, वेगवान मार्गांची नावे प्राणघातक अपघातांच्या संदर्भात सतत पुढे येतात. पेठांत वाहन कोंडीमुळेच हळू चालते. तिथला धोका बहुधा मुरगळलेला पाय, घासून गेलेला आरसा आणि पडलेली आजी अशा रूपात येतो. असे बहुतेक प्रसंग पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे ते आकडेवारीत नसतात.

दोन्हींची औषधे वेगळी आहेत. मृत्यू टाळायचे तर वेग हा मुख्य मुद्दा. सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेब्रुवारी 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी आणि वाहने जिथे मिसळतात, तिथे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा सुचवली आहे. पेठांत दिवसा हा वेग मुळात गाठला जात नाही. रात्री दहानंतर रिकाम्या बाजीराव रस्त्यावर तो सहज ओलांडला जातो. म्हणजे पेठांना दिवसा मोकळी, सलग वाट हवी आणि रात्री वेगाला आळा हवा. एकाच आराखड्यात दोन्ही सांभाळावे लागते.

सिग्नलचा हिशेबही यातच येतो. नियोजनात पादचाऱ्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरण्याची प्रथा आहे. त्या हिशेबाने 15 मीटर रुंद रस्ता ओलांडायला साडेबारा सेकंद पुरतात. काठी टेकत सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या माणसाला त्यासाठी जवळजवळ 19 सेकंद लागतात. सव्वासहा सेकंदांचा हा फरक वाहनचालकाला क्षुल्लक वाटतो, पण ओलांडणारा तेव्हा रस्त्याच्या मधोमध असतो. मंडई किंवा दगडूशेठ गणपतीजवळ रस्ता ओलांडणाऱ्यांत अशा माणसांचे प्रमाण किती, हे मोजल्याशिवाय वेळ ठरवणे म्हणजे अंदाजच.

बाहेरचा अनुभव

कोपनहेगनमध्ये 1962 साली स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता वाहनमुक्त झाला, तेव्हा व्यापाऱ्यांनी विरोध केला होता. आज तो शहराचा मुख्य बाजार आहे. ऑस्लोने मध्यभागातले रस्त्यावरचे पार्किंग मोठ्या प्रमाणात काढले आणि 2019 मध्ये तिथे एकही पादचारी वा सायकलस्वार रस्ते अपघातात मरण पावला नाही. ही उदाहरणे नेहमी दिली जातात, पण त्या शहरांची सार्वजनिक वाहतूक आणि लोकसंख्येची घनता वेगळी आहे, हा आक्षेप रास्त आहे.

म्हणून देशातली उदाहरणे अधिक उपयोगाची. दिल्लीचा चांदणी चौक 2021 मध्ये नव्या रूपात खुला झाला; सकाळी 9 ते रात्री 9 मोटारवाहनांना बंदी, असा तिथला नियम आहे. चेन्नईत 2019 मध्ये पाँडी बाजाराचा पदपथ रुंद झाला, पण वाहने पूर्ण बंद झाली नाहीत. चेन्नईने 2014 च्या धोरणात वाहतुकीच्या निधीतला 60 टक्के वाटा पादचारी व सायकलसाठी ठेवण्याचे ठरवले होते. चांदणी चौकात पुढे वाहने घुसण्याच्या आणि अतिक्रमणाच्या तक्रारी आल्या. या अनुभवांतून एक गोष्ट दिसते: बांधकाम ही निम्मी कामगिरी, रोजची राखण ही उरलेली निम्मी.

आपल्या शेजारी पिंपरी-चिंचवडमध्ये निगडी प्राधिकरणात हरित सेतू प्रकल्पाखाली रस्त्यांची फेररचना हाती घेण्यात आली, तेव्हा रस्ते अरुंद होत असल्याच्या तक्रारी तिथल्या रहिवाशांनी केल्या. याचा अर्थ, मोकळी जागा आणि रुंद रस्ते असलेल्या आखीव वस्तीतही फेरवाटणी सहज पचत नाही. पेठांत ती सोपी जाईल, अशी अपेक्षा धरू नये.

अनिर्णित प्रश्न

पहिला आणि सर्वात अवघड प्रश्न पार्किंगचा. 2018 चे पार्किंग धोरण सर्वसाधारण सभेने मोठ्या वादानंतर मोजक्या रस्त्यांपुरते मान्य केले आणि तेही प्रत्यक्षात उतरले नाही. रस्त्यावरची जागा फुकट असेल तर मंडईजवळचे मिनर्व्हा आणि आर्यन किंवा नारायण पेठेतला हमालवाडा यांसारखे वाहनतळ बांधूनही लोक रस्त्यावरच गाडी लावतात. पण दर आकारले तर दुचाकीवर पोट असलेल्या माणसावर बोजा पडतो, हा आक्षेपही खरा आहे. रहिवाशाला सवलत, खरेदीदाराला तासाचा दर, दिवसभर गाडी ठेवणाऱ्याला चढता दर अशी रचना इतरत्र वापरतात. पुण्यात ती पूर्णांशाने आजमावली गेलेली नाही.

दुसरा प्रश्न मेट्रोचा. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके पेठांच्या पोटात आली. गावात वाहनाशिवाय येण्याची एवढी सोय यापूर्वी कधी नव्हती. पण स्थानकाबाहेरची पहिली पाचशे मीटर वाट कोणाची? महामेट्रोची हद्द स्थानकापुरती, पदपथ महापालिकेचा, पार्किंगबंदीचा आदेश वाहतूक शाखेचा, बसथांबा पीएमपीचा आणि वाटेतला फीडर पिलर महावितरणचा. पीएमपीने 2021 मध्ये पेठांसाठी दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी ‘पुण्यदशम’ ही लहान बस आणली होती. मेट्रो, लहान बस आणि पदपथ यांची सांगड घालणारा एकच आराखडा मात्र अजून दिसत नाही.

तिसरा प्रश्न देखभालीचा. नवा पदपथ झाला की काही महिन्यांत केबल किंवा जलवाहिनीसाठी खोदाई होते आणि पेव्हिंग ब्लॉक पुन्हा तसेच बसत नाहीत. पदपथ दुरुस्तीची जबाबदारी किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने पार पाडायची, याची नागरिकाला तपासता येईल अशी नोंद हवी.

चौथा प्रश्न मोजणीचा. जंगली महाराज रस्त्यावर पुनर्रचनेआधी किती माणसे चालत होती आणि नंतर किती, दुकानांची विक्री वाढली की घटली, अपघात कमी झाले का, याचे सर्वमान्य आकडे चर्चेत नाहीत. परिणामी प्रत्येक बाजू स्वतःला दिसलेल्या दृश्याचा दाखला देते आणि वाद पुढे सरकत नाही.

पाचवा प्रश्न क्रमाचा. आधी पर्याय उभे करून मग जागा काढून घ्यायची, की जागा काढल्यावरच पर्याय वापरात येतात? पोलिसांचा आणि व्यापाऱ्यांचा कल पहिल्याकडे, पादचारी संघटनांचा दुसऱ्याकडे. औंधसारखी तात्पुरती आखणी हा दोघांना मान्य होण्याजोगा मधला मार्ग आहे. पेठांत तो अद्याप पुरेसा वापरलेला नाही.

कुठे येऊन पोहोचलो

वीस वर्षांपूर्वी या शहरात पादचाऱ्याला प्राधान्य द्यावे का, यावर वाद होता. आज तो उरलेला नाही. धोरण, कायदा आणि सर्वोच्च न्यायालय तिन्ही एका बाजूला आहेत. मतभेद उरले आहेत ते प्राधान्यासाठी कोणाची जागा कमी करायची, यावर, आणि पेठांतल्या रुंदीत हे उत्तर पार्किंगला हात लावल्याशिवाय मिळत नाही. पार्किंगचा निर्णय टाळून केलेला पदपथ दुचाकींखाली जातो. विक्रेत्यांना न धरता केलेला पदपथ पथारींखाली जातो. देखभाल न ठरवता केलेला पदपथ खोदाईत जातो.

म्हणून पुढच्या पादचारी दिनी महापालिकेने लक्ष्मी रस्त्यावर कार्यक्रम जरूर करावा, पण त्याबरोबर तीन आकडेही जाहीर करावेत: मध्यवर्ती रस्त्यांवर सलग मोकळ्या पदपथाची लांबी किती, गेल्या वर्षभरात या भागात किती पादचारी जखमी झाले किंवा मेले, आणि खोदलेला पदपथ सरासरी किती दिवसांत पूर्ववत झाला. हे तीन आकडे दर वर्षी प्रसिद्ध झाले, तर पुणेकरांना आपला वाद निदान एकाच पायावर उभे राहून घालता येईल.